ससाण्याच्या डोळ्यावरची पट्टी

आमच्या थोरल्या जाऊबाई पलटणीची निशाणं आणि टोप्यांवरची चिन्हं भरतात. खिडकीपाशी लाकडी चौकट, त्यावर ताणलेलं रेशीम आणि जरीची तार. बोलणं कमी, काम जास्त. माझं नेमकं उलटं, म्हणूनच आमचं पटतं.

या पलटणीचं चिन्ह ससाणा. पंख पसरलेले, नख्या उगारलेल्या आणि डोळ्यावर पट्टी. ती पट्टी म्हणजे शिक्षा. एका लढाईत पलटण पूल सोडून मागं आली, तेव्हा हुकूम सुटला, कलंक धुतला जाईपर्यंत ससाणा आंधळाच राहील. त्या पुलावर माझे थोरले दीर होते. ते परत आलेच नाहीत. तरी लोक म्हणायचे, पळताना मेला. मेल्यांच्या जिभेला हाड नाही! मामंजींनी लेकाचा फोटो भिंतीवरून उतरवून पेटीत घातला. "ससाण्याचा डोळा उघडेल तेव्हा लावीन," म्हणाले. आणि सुनेनं पोटासाठी काय करावं? तीच पट्टी टोपीमागून टोपीवर भरत राहावी.

यंदा चौकशीत निघालं, माघारीचा हुकूम वरूनच आला होता आणि पुलावर मागं थांबलेल्यांनी बाकीच्यांना वाचवलं होतं. पट्टी काढायचं ठरलं. नवं निशाण जाऊबाईंकडंच आलं. दुपारच्या संचलनात ते फडकायचं होतं. तयार नसेल तर जुनंच, पट्टीवालं.

सकाळी चहा घेऊन गेले तर त्या चौकटीपुढं थिजलेल्या.

"अगं, काय केलं मी हे!"

पाहते तर नव्या ससाण्याच्या डोळ्यावर पट्टी. चांगली ठसठशीत, सोनेरी. हाताला सवय, हात आपला चालत गेला.

"अहो बाई, डोळे मिटून भरत होतात का?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. मग जीभ चावली.

तार उसवता येते हो, पण रेशमावर सुईची भोकं राहतात, ती बुजत नाहीत. तेवढ्यात मामंजी दारात येऊन उभे राहिले. त्यांना ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. दाराची चौकट धरून नुसते उभे. जाऊबाईंनी कात्रीच्या टोकानं तार उचलायला घेतली. मी कापड ताणून धरलं.

काळ्या रेशमाचा डोळा भरून होतोय तोवर बाहेर गाडी थांबली. पलटणीचे साहेब आत आले. त्यांनी निशाण उजेडात धरलं, डोळ्याभोवतीच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

जाऊबाई सरळ त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "सवयीनं पट्टी भरली गेली, साहेब. काढली, पण खुणा जात नाहीत."

साहेबांचं बोट ससाण्याच्या डोळ्यावर थांबलं.

"डोळा उघडा आहे ना?" ते म्हणाले. "द्या बांधून."

गाडी गेली आणि जाऊबाई रडल्या, चांगल्या मोठ्यानं. मीही रडले. आत पेटीचं झाकण वाजलं. मामंजी फोटो छातीशी धरून बाहेर आले आणि भिंतीकडं बघत राहिले. जुना खिळा केव्हाच गळून पडला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "हातोडी कुठंय गं?"