चंद्रीचा पान्हा आणि श्रावणभाऊ

श्रावणभाऊंचा आवाज म्हशीशी बोलताना मऊ व्हायचा आणि माणसांशी बोलताना कोरडा. "माणसाले समजावून सांगा लागते जी. म्हशीले समजते," असं त्यांचं म्हणणं. नागपुरात आमच्या पशुवैद्यक कॉलेजच्या गोठ्यावर ते धारा काढायचे. सत्तरच्या दशकात मी तिथे पीएचडी करत होते, त्यामुळे अख्ख्या गोठ्यात सर्वांत शहाणी मीच, हे माझं प्रामाणिक मत होतं.

मेंदू पीयूषिका ग्रंथीला हुकूम देतो, ती संप्रेरक सोडते, ते रक्तातून कासेत पोचतं आणि म्हैस पान्हावते, हा माझा विषय. श्रावणभाऊंना मी तो फळ्यावर बाण काढून शिकवला. तंबाखू मळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पान्हा डोक्यातून उतरते. बरं झालं, आता कॉलेजलेही समजलं."

माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण चंद्री नावाच्या म्हशीवर उभं होतं. महिनाअखेर आकडे आले नाहीत तर आणखी एक वर्ष, असं गाइडनी बजावलेलं. रोज सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा कोट, हातात घड्याळ आणि वही अशी मी कासेशी उभी राही. श्रावणभाऊ कास धूत, आणि चंद्री पान्हा चोरे. दोन आठवडे चोरला. मी मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं : "पीयूषिका ग्रंथी मंद असावी." खाली लाल रेघसुद्धा मारली.

"गाठ मंद नाही तिची," श्रावणभाऊ म्हणाले. "बाई, तुमी कोट काढा."

"का?"

"डॉक्टर हाच कोट घालून येते अन् सुई टोचून जाते. तुमाले पायलं का तिले वाटते, आता टोचन. मेंदू हुकूम देते म्हंता न? मंग त्या मेंदूले काय दिसून राहिलं, थे तं पा!"

धारा काढणारा माणूस मला मेंदू शिकवणार? मी तीन दिवस फुगून बसले. मग महिनाअखेर डोळ्यांपुढे आली आणि मी मुकाट्यानं त्यांच्या बायकोचं शेणाच्या वासाचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं. "काही गुणगुणा," ते म्हणाले. ऐन वेळी एक गाणं आठवेना. मी एकोणतीसचा पाढा म्हणू लागले.

"सोड वं माय," श्रावणभाऊ चंद्रीला म्हणाले, "बाई घाबरली हाय, तू नको घाबरू."

सातव्या ओळीला चंद्री पान्हावली.

प्रबंधात मी गाइडचे, प्राचार्यांचे, नवऱ्याचे, टायपिस्टचे आणि चंद्रीचेही आभार मानले. श्रावणभाऊंचं नाव घालणं मला शोभेसं वाटलं नाही. बांधलेली प्रत त्यांनी हात धुऊन घेतली. "चंद्रीचं नाव हाय का?"

"आहे."

"मंग झालं."

निवृत्त होऊन ते कुही तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. तिकडेच वारले, हेही मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी नात बाळंत झाली. दूध उतरेना. खाटेभोवती सासू, दोन आत्या आणि वही घेतलेली पांढऱ्या कोटातली डॉक्टरीण. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं, बाळ तिच्या छातीशी दिलं आणि पाढा सुरू केला. या खेपेला तीनदा म्हणावा लागला.

"आजी, हे तुझ्या प्रबंधात आहे?" बाळ चुटूचुटू पिऊ लागल्यावर नातीनं विचारलं.

"आहे ना. ज्यानं शिकवलं, तो तेवढा नाही."