दिल्लीचा फोन

श्रीगजाननाला आणि गोदामाईला वंदन करून, दिवाळीच्या निमित्ताने, आमच्या माडीवर भाड्याने राहिलेल्या एका विद्यार्थ्याचे स्मरण करतो.

तो चांदवडचा. नाशिकच्या महाविद्यालयात पहिले वर्ष संपताच दिल्लीच्या नामांकित विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला जावे, हा त्याचा ध्यास. तिथे अशा जागा अगदी मोजक्या. अर्ज धाडला, त्या दिवसापासून तो इथे पाहुण्यासारखा वावरू लागला. भिंतीला खिळा ठोकला नाही, कोणाशी मैत्री केली नाही. जिन्यात भेटला की विचारी, "आजोबा, होईल ना?" मी म्हणे, "ईश्वरेच्छा." तो तिलाच होकार समजे आणि हसत दोन-दोन पायऱ्या उतरत जाई.

नकार आला. तो त्याने मला मान खाली घालून सांगितला.

दिवाळीच्या तोंडावर कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथबाहेर मी उभा होतो. आतून त्याचा आवाज आला, "आई, दिल्ली लय भारी हाय! थंडी बी सुरू झाली. हो गं, स्वेटर घेतला."

घामाने भिजून तो बाहेर आला आणि मला पाहून थबकला.

"आजोबा, अर्ज गेला तेव्हाच आईनं गावभर पेढे वाटले. आता एवढ्या लांबून दिवाळीला यायला जमणार नाय, असं सांगितलं."

समोरून चांदवडची बस गेली. त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. सत्य बोलण्याचा उपदेश बाजूला ठेवून मी त्याच्यासोबत घराकडे वळलो.

वाचकहो, आपल्या घरी सदैव मंगल असो. आणि हरून आलेल्या लेकरालाही त्या घराचे दार आपलेच वाटो.