माशाचा कौल

माझ्या मोठ्या भावाला क्षय झाला तेव्हा आमच्या घराने त्याला पडवीतली खोली दिली आणि त्याच्या बायकोला देवरूखला माहेरी धाडलं. डॉक्टरांनी त्याची ताटवाटी वेगळी ठेवायला सांगितली होती, जवळ कुणी बसू नका म्हणाले होते. बायकोला धाडा असं काही ते बोलले नव्हते. ते बाबांनी ठरवलं. आणि आपण ठरवलं असं दिसू नये म्हणून देवळात जाऊन कौल लावला. गुरवाने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि सुनेला घरी ठेवावं का, असं विचारलं. डावी पाकळी पडली. डावा कौल म्हणजे नाही. पुढे कुणी बोलायची सोयच उरली नाही. वहिनी एक शब्द न बोलता गाडीत बसली. आई म्हणाली, "शहाणी आहे हो सून."

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि रंगूनला लाकडाच्या वखारीत नोकरीला असलेला मामा रजेवर आला. भाच्यासाठी त्याने बाटलीत घालून एक मासा आणला होता. बोटाएवढा, निळा-तांबडा, शेपटी लुगड्याच्या पदरासारखी. तिकडे म्हणे लोक यांच्या झुंजी लावतात.

"एकटाच ठेवा हं," मामाने बजावलं. "याला सोबत खपत नाही."

गोळ्या-बिस्किटांची काचेची बरणी धुऊन आम्ही मासा दादाच्या खिडकीत ठेवला. दादा दिवसभर त्याच्याकडे बघत पडायचा. दुसरं बघायला त्याला होतं काय?

एकदा बाबा दाराशी उभे राहून चौकशी करत होते. उंबरा ते ओलांडत नसत. दादा म्हणाला, "बाबा, देवाचा कौल झाला. आता या माशाचा लावू या. दसऱ्यापर्यंत याच्या बरणीत दुसरा जीव टिकला, तर देवरूखला गाडी धाडायची. नाही टिकला, तर मी तिचं नाव काढणार नाही."

बाबांनी माशाकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले. आपण हरणार नाही अशी खात्री असली की आमचे बाबा फार उदार होत.

सोबती शोधायचं काम माझ्याकडे आलं. बागेच्या खालच्या अंगाने पऱ्ह्या वाहायचा. लग्नाच्या वयाची मुलगी गुडघाभर पाण्यात टोपली घेऊन उभी राहते, यावर आईने तोंडसुख घेतलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आधी मी चपळ चंदेरी मासे आणून सोडले. त्यांनी आमच्या शूरवीराच्या शेपटीचे लचके तोडायला सुरुवात केली. बघता बघता पदराच्या चिंध्या झाल्या. "काढ गो त्यांना," दादा म्हणाला, "सासुरवास चाललाय त्याचा." शेपटी भरून आली तेव्हा अंगावर तांबडे ठिपके असलेला एक देखणा मासा आणला. त्याला बघताच आमच्या शूरवीराने कल्ले फुगवले आणि संध्याकाळपर्यंत पाहुणा पाण्यावर उलटा. मग बारीक कोळंबी टाकली. तिला तो नैवेद्य समजला. दादा हसला, हसताना खोकला, आणि मग बराच वेळ खोकतच राहिला.

तेव्हा आम्ही दोघांनी नीट विचार केला. सोबती भडक नको. लांब शेपटीचा नको. चावरा नको, आणि तोंडात मावेल एवढा लहानही नको. याची जागा वर, तर त्याची खाली हवी.

"माझ्यासाठी मुलगी बघताना कुणी एवढा विचार केला नव्हता," दादा म्हणाला.

अखेर एका दगडाखाली हवा तसा मासा सापडला. मातकट, मिशाळ, हलला तरच दिसेल असा. बरणीत वाळू घातली, लपायला नारळाची करवंटी पालथी घातली आणि त्याला सोडलं. पहिला दिवस गेला. आठवडा गेला. घटस्थापना झाली, तरी तो जिवंत. मी मनातल्या मनात गाडीला बैल जुंपून मोकळी झाले होते.

दसऱ्याला सोनं घेऊन मी दादाच्या दाराशी गेले. बाबा मागेच होते. "दादा, जिंकलास!"

त्याने बरणीवरची नजर काढली नाही. "रोज बघतोय गो. याने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो करवंटीखाली दडलेला, हा वर फिरतोय. दिसत नाही म्हणून मारत नाही, एवढंच. याला काय सोबत म्हणतात? तिने माजघरात अशीच दडून बसायचं, माझा खोकला ऐकत? डावाच कौल आहे हा. नका बोलावू तिला."

मला असा संताप आला की हातातली पानं मी तिथेच फेकली. आजही येतो. बाबांनी आयुष्यात दादाचं काही ऐकलं नव्हतं, तेवढं मात्र लगेच ऐकलं.

दादा पौषात गेला. आई सकाळी पेज घेऊन दाराशी गेली तेव्हा कळलं. दसऱ्याला जायची गाडी मग देवरूखला गेली.

दादाचं दिवसकार्य झाल्यावर मी खोली सारवायला घेतली. वहिनी येऊन दारात उभी राहिली. बरणी अजून खिडकीतच होती. हे काय, म्हणून तिने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं: देवळातली पाकळी, चंदेरी मासे, करवंटी, दसरा. तिने बरणीत वाकून पाहिलं. खालचा मासा तिला आधी दिसलाच नाही, मी बोटाने दाखवला.

मग आमच्या घरात ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "देवाला विचारलंत, माशाला विचारलंत. मला कुणी विचारलं हो, वन्सं? मी आले असते. करवंटीखालीसुद्धा राहिले असते."