अर्धी उदबत्ती

सन तेहेतीसच्या सुमाराला, नाशकात भद्रकालीजवळ खुर्शीदाबी टोप्यांवर जरीचा कशिदा काढी. कामाला बसताना ती उदबत्ती पेटवी. विझेपर्यंत मान वर करायची नाही, बोलायचं नाही. विझली की अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत डोळे निववायचे, मग दुसरी उदबत्ती. मध्ये हाक मारली तर नवऱ्याचीही, इसाकमियांचीही, धडगत नसे.

साठी उलटली, डोळ्यांतून पाणी गळू लागलं. "जरा विसावा घे," म्हटलं तर बाई ऐकेल तर शपथ! मग इसाकमियां गुपचूप उदबत्त्या मोडून अर्ध्या करून ठेवू लागले.

"हल्ली उदबत्त्या आखूड येतात," एकदा ती म्हणाली.

"जमानाच खराब आलाय," ते म्हणाले.

खुर्शीदाबी गालात हसली. त्यांच्या बोटांना येणारा उदाचा वास तिला पहिल्याच दिवशी कळला होता.