देश परत घ्यायचाय

तुमचा देश कुणी पळवून नेला आहे का? दोन हजार चारच्या अमेरिकी निवडणुकीत, शुगर लँड नावाच्या गावातल्या एका दुकानाच्या दाराशी पत्रकं वाटणाऱ्या गृहस्थाला तशी खात्री होती. काउबॉय हॅट, कडक इस्त्रीचा शर्ट. पत्रकं वाटतच मी मोठा झालो, त्यामुळे कागद पुढे करण्याची त्याची ऐट मला लगेच आवडली. पत्रकात एका धर्मचिंतकाचा दाखला देऊन छापलं होतं, की हा देश ख्रिस्ती लोकांचा होता, तो परत घ्यायचा.

"टेक इट बॅक, सन!" तो गरजला.

माझ्या काखेत बिघडलेला राइस कुकर होता. म्हटलं, "मीही परत करायलाच आलोय. तुमच्याकडे पावती आहे?"

तो पोट धरून हसला.

"या चिंतकाचं पुस्तक वाचलंत?"

"छे! आमचे पास्टर वाचतात."

"मग देश घ्यायचा कुणाकडून?"

"त्यांच्याकडून."

"ते कोण?"

त्याची नजर पार्किंगभर फिरून माझ्यावर थांबली. तो चक्क लाजला. "तुझ्याकडून नाही रे. तू चांगला आहेस." आणि त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं.

म्हणजे मी चांगला आहे तोवरच! म्हणून सांगतो, कुठल्याही देवाच्या नावानं तुमच्या गल्लीत कुणी देश परत मागू लागला, तर पत्रक जरूर घ्या आणि चारचौघांत, मोठ्यानं विचारा: कुणाकडून?