विसळलेलं पाणी

बाळांनो, लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळामुळे आमच्याकडे टँकरने पाणी येई, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या एक बाई होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या बी.एस्सी.च्या मुलींकडून विहिरींच्या पाण्यावर संशोधन करून घेत. मी तिथेच इंग्रजी शिकवी आणि त्या मुलींच्या अहवालांचं इंग्रजी तपासून देई. मुलींच्या कामात आपला हात जाऊ नये म्हणून बाई तो पदरात गुंडाळून उभ्या राहत. "तूच बघ की, माय," एवढंच म्हणत.

एकदा सगळ्या विहिरींच्या क्षारांचे आकडे सारखेच आले. महिन्याची मेहनत वाया गेली. त्यांतली शिरूरची एक मुलगी रडत म्हणाली, "बाई, बाटल्या विसळलेलं पाणी मी टाकलंच न्हाई. त्यातच पुढच्या विसळल्या, म्हणून समद्यात तेच उतरलं. टँकरचं पाणी, सांडवंना माझ्यानं."

प्राचार्य तिला या कामातून काढूनच टाकणार होते. बाईंनी तिच्या वहीत लिहिलं, 'चूक माझी. हे पाणी का टाकायचं, ते मी समजावलं नाही.' खाली सही केली आणि वही प्राचार्यांपुढे ठेवली. मुलगी राहिली.

"आता रडायलीस कशाला?" बाई तिला म्हणाल्या. "चल, पहिल्या विहिरीपासून."

मी जन्मभर मुलांच्या वह्यांत लाल शाईने लिहिलं. स्वतःची चूक मात्र एकदाही लिहिली नाही.