आत्याला ‘व्हाइट एलिफंट’ म्हणणारा माझा भाऊ

मंडळी, अजून डोकं तापलेलंच आहे.

आज दुपारी माणिकपूरला मोठ्या भावाकडे गेलो होतो. आम्हाला लहानाचं मोठं करणारी आत्या त्याच्याकडे राहते. ती समोर वाल सोलत बसलेली असताना भाऊ पाहुण्यांना म्हणाला, "शी इज अवर व्हाइट एलिफंट." म्हणजे पोसायला जड आणि उपयोग शून्य. पाहुणे हसले.

आत्याने मला विचारलं, "एलिफंट म्हणजे हत्ती ना रे? पांढरा कशाला? माझ्या केसांवरून?"

मी भावाला म्हटलं, "अर्थ तूच सांग तिला. मराठीत."

"गंमत केली रे," म्हणत त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

आत्याला मी आचोळ्याला माझ्या घरी घेऊन आलो. आल्यापासून विचारतेय, तिकडे परत कधी जायचं. काय सांगू तिला?